जुनी २६६६, नवी ३२००: लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या वेगाची रॅम एकत्र लावताना

लॅपटॉपमध्ये ८ जीबीची एकच रॅम आहे, डीडीआर४ पिढीची, वेग २६६६, म्हणजे सेकंदाला २६६६ दशलक्ष वेळा डेटा. शेजारचा स्लॉट रिकामा आहे. दुकानात गेलं की पुढ्यात येते ती ३२००ची स्टिक. मग प्रश्न पडतो, या दोघी एकत्र चालतील का? बोर्ड तर जळणार नाही ना?

चालतील. दोन्ही २६६६ने चालतील. बोर्डालाही काही होणार नाही, कारण दोन्हींना १.२ व्होल्टच लागतात. वेगातला फरक ही या सगळ्या कामातली सर्वांत कमी काळजीची बाब आहे. फसगत होते ती पिढी चुकल्यामुळे, व्होल्टेज चुकल्यामुळे, एक्सएमपी (वरच्या वेगाची वेगळी नोंद) असलेली स्टिक घेतल्यामुळे किंवा घाईत अर्धवट बसवल्यामुळे. म्हणून आधी वेगाचं कोडं सोडवू आणि मग स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ.

दोन वेग एकत्र आले की काय होतं

प्रत्येक स्टिकवर मेमरीच्या काळ्या चिपांशेजारी एक अगदी छोटी चिप असते, तिला एसपीडी म्हणतात. ही स्टिक किती जीबीची, जास्तीत जास्त किती वेगाची, डेटा द्यायला तिला किमान किती वेळ लागतो, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. लॅपटॉप सुरू होताना बायोस, म्हणजे बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर, दोन्ही स्टिकची एसपीडी वाचतो, प्रोसेसरची मर्यादा बघतो आणि तिघांनाही झेपेल असा सर्वांत वरचा वेग ठरवतो.

३२००च्या साध्या स्टिकवर सीएल २२ असतं. मागणी केल्यापासून पहिला डेटा हाती येईपर्यंत क्लॉकचे जेवढे ठोके जातात, तो हा आकडा. ३२००ला एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा असतो, म्हणजे २२ ठोक्यांचे १३.७५ नॅनोसेकंद झाले. हीच स्टिक २६६६ने चालवायची तर ठोका ०.७५ नॅनोसेकंदाचा होतो. १३.७५ भागिले ०.७५ म्हणजे १८.३३; ठोका अर्धवट मोजता येत नाही, म्हणून वरचा पूर्ण आकडा १९. आणि २६६६ची नेहमीची स्टिक सीएल १९चीच असते! जोडी आपोआप जुळली. हे गणित बायोस करतो, तुम्हाला कुठलाही आकडा भरायचा नसतो. कोणती स्टिक कोणत्या स्लॉटमध्ये घातली यानेही वेग बदलत नाही. ‘वेगवान स्टिक पहिल्या स्लॉटमध्ये घाला’ हा सल्ला बिनबुडाचा आहे.

आता नफा-तोटा. डीडीआर४चा एक चॅनल, म्हणजे प्रोसेसर आणि रॅममधला डेटाचा रस्ता, एका वेळी ८ बाइट नेतो. ३२००ची एकटी स्टिक सेकंदाला २५.६ जीबी डेटा हलवू शकते, २६६६ची २१.३ आणि २४००ची १९.२. दोन स्टिक लागल्या की दोन चॅनल मिळतात आणि हे आकडे दुप्पट होतात. म्हणजे ३२००च्या एकट्या स्टिकशेजारी जुनी २४००ची लावली, दोन्ही २४००वर उतरल्या, तरी बेरीज ३८.४ होते. आधी होती २५.६. वेग ‘कमी’ झाला आणि काम वाढलं. एकाच स्टिकवर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये दुसरी कोणतीही योग्य पिढीची स्टिक घालणं फायद्याचं ठरतं, ते याचमुळे.

उलटही लक्षात ठेवा. दोन्ही स्लॉट ३२००ने भरलेले आहेत आणि त्यातली एक काढून तिच्या जागी मोठी पण २४००ची घालणार असाल, तर ५१.२वरून ३८.४वर याल. ब्राउझर, एक्सेल, टॅली यांत हे जाणवणार नाही. पण वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर गेम खेळताना जाणवेल, कारण प्रोसेसरमधलं ग्राफिक्स हीच रॅम वापरतं. ११व्या पिढीच्या कोअर आय५-११३५जी७मध्ये तर हे नावातच दिसतं. एकच स्टिक असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘इंटेल यूएचडी ग्राफिक्स’ येतं; दुसरी लावली की तेच ग्राफिक्स ‘आयरिस एक्सई’ म्हणून दिसू लागतं.

पायरी १: आत काय आहे ते बघा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी. उजवीकडे खाली तीन ओळी महत्त्वाच्या आहेत: वेग, किती स्लॉट वापरात आहेत आणि फॉर्म फॅक्टर. फॉर्म फॅक्टरपुढे ‘सोडिम’ असेल तर काढता-घालता येणारी स्टिक आहे. ‘रो ऑफ चिप्स’ असं असेल तर रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली आहे. अशा लॅपटॉपमध्ये जोडीला एखादा मोकळा स्लॉट असू शकतो किंवा अजिबात नसू शकतो, आणि टास्क मॅनेजर स्लॉटची संख्या कधी कधी चुकीची सांगतो. त्यामुळे कंपनीच्या संकेतस्थळावरून तुमच्या नेमक्या मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल उतरवून घ्या. मॉडेलचं पूर्ण नाव पाठीवरच्या स्टिकरवर असतं. नुसत्या मालिकेच्या नावावर जाऊ नका, एकाच नावाखाली स्लॉट असलेले आणि नसलेले दोन्ही प्रकार विकले जातात.

रॅमचा प्रकार एलपीडीडीआर४एक्स किंवा एलपीडीडीआर५ (कमी वीज खाणारी रॅम) दिसला, तर ती जवळपास नेहमी सोल्डर केलेली असते. मोकळा स्लॉट नसेल तर विषय तिथेच संपला.

नंतर सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर घ्या. त्याच्या एसपीडी टॅबमध्ये स्लॉटनिहाय माहिती मिळते: बनवणारी कंपनी, पार्ट नंबर, किती जीबी, कमाल वेग, कोणत्या आठवड्यात बनली. मेमरी टॅबमध्ये वेग १३३३ दिसला तर दचकू नका. डीडीआर प्रकारची रॅम प्रत्येक ठोक्याला दोनदा डेटा देते. १३३३ची दुप्पट म्हणजेच २६६६.

प्रोसेसरची मर्यादाही आत्ताच बघून ठेवा. आय५-८२५०यू कमाल २४०० घेतो, आय५-१०२१०यू २६६६, आय५-१०३००एच २९३३, आय५-११३५जी७ ३२००. एएमडीकडे रायझन ५ ३५००यू २४००वर थांबतो, ५५००यू ३२००पर्यंत जातो. १०२१०यूमध्ये दोन्ही स्टिक ३२००च्या लावल्या तरी चालतील २६६६नेच. तिथे वेगासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

पायरी २: लेबल वाचायला शिका

जुन्या स्टिकवर साधारण असं छापलेलं असतं: ८जीबी १आरएक्स८ पीसी४-२६६६व्ही-एसए१-११. तुकडे पाडून वाचा. ८ जीबी ही क्षमता. ‘१आर’ म्हणजे एक रँक, अर्थात एकत्र काम करणाऱ्या चिपांचा एक संच, आणि ‘एक्स८’ म्हणजे ८ बिट रुंदीच्या चिपा. पीसी४ म्हणजे डीडीआर४. २६६६ हा वेग, त्यामागचा ‘व्ही’ म्हणजे सीएल १९चा वर्ग. ३२००वर याच जागी ‘एए’ असतं, म्हणजे सीएल २२. २४००वर ‘टी’, म्हणजे सीएल १७.

लेबल फाटलं असेल तर पार्ट नंबरचं शेपूट बघा. सॅमसंगच्या डीडीआर४ स्टिकवर शेवटी सीआरसी असेल तर २४००, सीटीडी असेल तर २६६६, सीडब्ल्यूई असेल तर ३२००. एसके हायनिक्सकडे तेच अनुक्रमे यूएच, व्हीके आणि एक्सएन.

रँक आणि रुंदी जुळलीच पाहिजे असं नाही. १आरएक्स८ शेजारी २आरएक्स८ सहसा बिनतक्रार चालते. मात्र निवड करता येत असेल तर १आरएक्स१६ टाळा. ८ जीबीच्या अशा स्टिकवर आठऐवजी चारच चिपा असतात आणि डीडीआर४मध्ये तिच्याकडे चारऐवजी दोनच बँक-गट (चिपेतले साठवणीचे कप्पे) असतात, त्यामुळे त्याच वेगाची १आरएक्स८ तिच्यापेक्षा थोडी सरस चालते. दुकानात स्टिक उलटसुलट करून चिपा मोजल्या की हे कळतं.

पायरी ३: काय घ्यायचं, काय नाही

पिढी चुकली तर काहीच चालत नाही. डीडीआर३च्या लॅपटॉप-स्टिकला २०४ पिना असतात, डीडीआर४ला २६०, डीडीआर५ला २६२, आणि मधली खाच तिन्हींत वेगळ्या जागी असते. ही खाच चूक टाळण्यासाठीच ठेवलेली आहे. बसत नसेल तर जोर लावू नका.

जुना डीडीआर३ लॅपटॉप असेल तर व्होल्टेजकडे नीट लक्ष द्या. साध्या डीडीआर३ला १.५ व्होल्ट लागतात, डीडीआर३एलला १.३५. खाच दोन्हींची एकच, त्यामुळे चुकीची स्टिक सहज आत बसते. इंटेलच्या चौथ्या पिढीपासूनचे बहुतेक लॅपटॉप फक्त १.३५वर चालतात, तिथे १.५ची स्टिक घातली की पडदा काळाच राहतो. उलट डीडीआर३एल मात्र जुन्या १.५च्या लॅपटॉपमध्येही चालते. शंका असेल तर एलच घ्या.

डीडीआर४मध्ये खरा सापळा एक्सएमपीचा आहे. काही ‘गेमिंग’ स्टिकच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत ३२०० असतं, पण तो वेग एक्सएमपी नावाच्या वेगळ्या नोंदीत लिहिलेला असतो. मूळ नोंदीत २१३३ किंवा २४००च असतो. बहुतेक लॅपटॉपच्या बायोसमध्ये एक्सएमपी चालू करायची सोयच नसते. अशी स्टिक २६६६च्या शेजारी लावली की दोन्ही २१३३ किंवा २४००वर येतात, आणि ‘३२०० घालून वेग कमी कसा झाला’ हे कोडं सुटत नाही. म्हणून पाकिटावर १.२ व्होल्ट आणि सीएल २२ लिहिलेली साधी ३२०० घ्या. किंग्स्टनच्या साध्या स्टिकचा नंबरच सगळं सांगतो: केव्हीआर३२एस२२एस८/८. ३२ म्हणजे ३२००, पहिला एस लॅपटॉपच्या आकाराचा, २२ हे सीएल, एस८ म्हणजे एक रँक आणि ८ बिटांच्या चिपा, शेवटी ८ जीबी.

क्षमता वेगळी चालेल का? चालेल. ८ आणि १६ एकत्र लावल्या तर इंटेलच्या फ्लेक्स मोडमध्ये पहिले १६ जीबी, म्हणजे ८ अधिक ८, ड्युअल चॅनलने चालतात आणि उरलेले ८ एकाच चॅनलने. बोर्डावर ४ सोल्डर केलेले आणि स्लॉटमध्ये १६ घातले, तर ८ जीबी दुहेरी आणि १२ जीबी एकेरी. एकूण क्षमता कमी पडण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

डीडीआर५मध्ये नियम तोच, ४८०० आणि ५६०० मिळून ४८००. पण या पिढीत प्रत्येक स्टिकवर स्वतःचं वीज-नियंत्रण असतं, वेग खूप वरचे आहेत आणि जुळवणी नाजूक आहे. इथे वेगवेगळ्या कंपन्यांची जोडी अडण्याची शक्यता डीडीआर४पेक्षा जास्त. जमेल तर एकाच पाकिटातली दोन स्टिकची जोडी घ्या. २४ किंवा ४८ जीबीच्या स्टिक घेताना आधी बायोस अद्ययावत करा, जुना बायोस त्या ओळखेलच असं नाही.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात किंवा गावातल्या दुकानात वापरलेली स्टिक घेणार असाल तर दुकानदाराला ती तिथेच एखाद्या लॅपटॉपमध्ये लावून सीपीयू-झेडमध्ये दाखवायला सांगा. लेबल चिकटवणं सोपं आहे, म्हणून लेबलवरचा आणि एसपीडीतला पार्ट नंबर पडताळून घ्या.

पायरी ४: बसवणे

हाताशी ठेवा: शून्य किंवा दुहेरी शून्य नंबरचा फुलीचा स्क्रू ड्रायव्हर, झाकण उचकायला प्लॅस्टिकची पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड, एक कोरा कागद आणि चिकटपट्टी. काही लॅपटॉपना ताऱ्याच्या डोक्याचे स्क्रू असतात, त्याला टी५ लागतो. वॉरंटी चालू असेल आणि स्क्रूवर सील असेल तर आधी कंपनीला विचारा.

१. शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा. नुसत्या शट डाउनने विंडोज आपली अर्धी अवस्था डिस्कवर साठवून ठेवतं. चार्जर काढा. बायोसमध्ये आतली बॅटरी बंद करायचा पर्याय असेल, थिंकपॅडमध्ये असतो, तर आधी तो वापरा.

२. कागदावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढा आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच जागी चिकटवा. स्क्रू सगळे एका लांबीचे नसतात. लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर तो वरच्या बाजूला कीबोर्डजवळ टोक काढतो. रबरी पायांखाली लपलेले स्क्रूही बघा.

३. झाकण बिजागरीच्या बाजूने किंवा कोपऱ्यातून हळूहळू सोडवा. अडलं तर ओढू नका, एखादा स्क्रू राहिलेला असतो.

४. बॅटरीचा कनेक्टर काढा. तारांना धरून ओढू नका, प्लॅस्टिकच्या टोकाला धरा. मग पॉवरचं बटण १५ सेकंद दाबून धरा, उरलेली वीज निघून जाते. ही पायरी गाळू नका. बॅटरी जोडलेली असताना स्टिक काढली-घातली तर स्टिकच काय, बोर्डही जाऊ शकतो.

५. एखाद्या उघड्या धातूच्या वस्तूला हात लावा. थंडीच्या कोरड्या दिवसांत, सिंथेटिक कपड्यांत किंवा गालिच्यावर बसून हे काम करू नका. स्टिक कडांना धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नका.

६. स्लॉटवर पातळ पत्रा किंवा काळी फिल्म असेल तर अलगद उचला आणि शेवटी परत बसवा. जुनी स्टिक काढायची असेल तर दोन्ही बाजूंच्या क्लिपा एकदम बाहेर ढकला. स्टिक स्वतःच तिरकी वर येते.

७. नवी स्टिक खाच जुळवून साधारण ३० ते ४५ अंशांच्या कोनात आत सरकवा, मग खाली दाबा. दोन्ही क्लिपांचा टक्क असा आवाज आला पाहिजे.

इथे थांबून नीट बघा, कारण सर्वांत जास्त घोटाळे याच जागी होतात. स्टिक पूर्ण आत गेली असेल तर सोनेरी पट्ट्यांची जेमतेम एक बारीक रेघ बाहेर राहते आणि ती डावीकडून उजवीकडे सारख्याच जाडीची असते. एका टोकाला सोनं जास्त दिसलं तर स्टिक तिरकी बसली आहे. क्लिपा लागल्या म्हणून स्टिक नीट बसली असं समजू नका. मिलिमीटरभर बाहेर असतानाही क्लिपा लागू शकतात. काढा, पुन्हा कोनात धरा, आधी पूर्ण आत ढकला आणि मगच खाली दाबा.

बॅटरी जोडा आणि झाकण नुसतं ठेवा. सगळे स्क्रू चाचणीनंतर आवळा.

पायरी ५: पहिल्यांदा सुरू करताना

पडदा काळा राहील. कधी अर्धा मिनिट, कधी एक-दोन मिनिटं. डीडीआर५मध्ये आणखी जास्त. काही लॅपटॉप स्वतःच एकदा बंद होऊन परत सुरू होतात. नव्या जोडीसाठी बायोस सिग्नलची जुळवणी करत असतो, त्याला ट्रेनिंग म्हणतात. या वेळात घाबरून बटण दाबू नका. चार्जर लावूनच सुरू करा आणि पाच मिनिटं वाट बघा.

विंडोज आलं की टास्क मॅनेजरमध्ये १६ जीबी आणि २६६६ किंवा २६६७ दिसलं पाहिजे. सीपीयू-झेडच्या मेमरी टॅबमध्ये चॅनलपुढे ‘ड्युअल’ किंवा ‘२ x ६४-बिट’ असं हवं.

मग मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर यूएसबीवर घ्या आणि रात्रभर चालवा. मोफत आवृत्तीत चार फेऱ्या होतात. दोन-चार चुकांनी काय बिघडतं असं म्हणू नका. एक चूक म्हणजेही नापास, कारण ती चूक उद्या तुमच्या फोटोंच्या किंवा हिशेबाच्या फाइलमध्ये जाऊन बसते आणि महिनोन् महिने कळत नाही. यूएसबी जमत नसेल तर निदान विंडोजमधलं मेमरी डायग्नोस्टिक चालवा, पण ते मेमटेस्टइतकं कसून तपासत नाही.

अडलं तर

पडदा आलाच नाही तर नवी स्टिक काढून फक्त जुनी लावा. सुरू झालं तर जुन्याच स्लॉटमध्ये एकटी नवी लावून बघा, नंतर दुसऱ्या स्लॉटमध्ये. दोन स्टिक, दोन स्लॉट, एकूण चार जोड्या. चारही तपासल्या की दोष स्टिकचा आहे की स्लॉटचा ते नक्की कळतं. दोन्ही एकट्या चालतात पण एकत्र नाही, असं झालं तर बायोस अद्ययावत करा आणि स्लॉट अदलाबदल करून बघा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असेल तर बायोस बदलण्याआधी त्याची ४८ अंकी किल्ली लिहून ठेवा, नाहीतर डिस्क उघडणार नाही. डेलच्या बऱ्याच लॅपटॉपवर दिवा दोनदा पिवळा आणि पाचदा पांढरा लुकलुकला तर त्याचा अर्थ चुकीच्या प्रकारची रॅम, दोनदा पिवळा आणि तीनदा पांढरा म्हणजे रॅम सापडलीच नाही.

वापरलेल्या स्टिकच्या पट्ट्या मळलेल्या असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेल्या कापडाने पुसा आणि वाळू द्या. खोडरबरही चालतं, पण हलक्या हाताने, आणि त्याचा भुगा स्लॉटमध्ये पडू देऊ नका.

१६ लावले आणि ‘१३.९ वापरण्याजोगे’ दिसतं, अशी तक्रार रायझनवाल्यांकडून नेहमी येते. तो दोष नाही. प्रोसेसरमधल्या ग्राफिक्ससाठी बायोसने दोन जीबी बाजूला ठेवलेले असतात, काही मॉडेलांत ते कमी करता येतात. पण वापरण्याजोगी रॅम थेट निम्मीच दिसत असेल, तर विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंगच्या खिडकीत बूटच्या प्रगत पर्यायांत ‘मॅक्सिमम मेमरी’वर खूण नाही ना ते बघा, आणि तिथे काही नसेल तर स्टिक पुन्हा काढून बसवा.

मेमटेस्ट स्वच्छ आला तरी पहिले काही दिवस निळा पडदा येतोय का, ब्राउझरचे टॅब आपोआप कोसळतायत का, यावर लक्ष ठेवा. येत असेल तर जोडी एकमेकींना मानवत नाही असं समजा आणि दुकानाची परत घेण्याची मुदत संपायच्या आत नवी स्टिक बदलून आणा. तोवर पावती आणि पाकीट दोन्ही टाकू नका.